प्रथिनांतील गंधक : त्याची मोजदाद आणि त्याचा स्वभाव

(महोत्सवानिमित्त स्नेहलतागंज येथे योजलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत पहिल्या दिवशी कीर्तन झाले, दुसऱ्या दिवशी होळकरशाहीवर भाषण झाले, आणि आज आमच्यासारख्या रसायनशास्त्राच्या माणसांना बोलावून चिटणीसांनी श्रोत्यांची परीक्षाच पाहायची ठरवलेली दिसते. विषय ऐकून काही मंडळी मागच्या दाराकडे बघत आहेत, हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांनी थोडा दम धरावा. हा विषय आम्ही आपल्या संस्थेच्या स्वयंपाकघरातूनच उचललेला आहे. महिला शाखेने मुलांसाठी गहू आणि सोयाबीन यांचे मिश्र पीठ वाटायला घेतले, त्या पिठावरून एक प्रश्न निघाला, त्याचे उत्तर देताना आमची फजिती झाली, आणि ती फजिती सांगायची तर आधी गंधकाची ओळख करून देणे भाग आहे.

आपले केस, नखे, रक्त, दूध, डाळी या सर्वांत प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे अ‍ॅमिनो आम्लांची एक लांब माळ. मणी वीस प्रकारचे. त्यांपैकी एकाचे नाव सिस्टीन. याच्या टोकाला गंधकाचा एक अणू आणि त्याला चिकटलेला हायड्रोजनचा एक अणू असतो. या जोडीला सल्फहायड्रिल गट किंवा थायॉल म्हणतात. माळेतले असे दोन मणी एकमेकांजवळ आले आणि दोघांचे हायड्रोजन निघून गेले, की गंधकाला गंधक जोडला जाऊन पूल तयार होतो. त्याला डायसल्फाइड म्हणतात. आपण गंधकसेतू म्हणू. केस जळताना जो वास येतो तो या गंधकाचा. आणि ब्यूटी पार्लरमध्ये केस कुरळे करून देतात, तिथे दुसरे काय घडते? आधी एका औषधाने सेतू तोडायचे, केस हवे तसे गुंडाळायचे, मग दुसऱ्या औषधाने सेतू नव्या जागी बांधायचे. सेतुबंधनाला वानरसेना लागतेच असे नाही.

सेतू झालेली ही जोडी माणसाला फार आधी सापडली, आणि तीही मूत्राशयातल्या खड्यात. वोलास्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१० मध्ये अशा खड्यातून हा पदार्थ वेगळा केला. मूत्राशयाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्यावरूनच त्याचे नाव पडले. १८९९ मध्ये मर्नर याने तोच पदार्थ शिंगाच्या प्रथिनातून काढला, तेव्हा कळले की हा रोगाचा नव्हे, शरीराच्या रोजच्या घडणीचा भाग आहे.

इथे इंदूरकरांनी अभिमान बाळगावा अशी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. केंब्रिजच्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी १९२१ मध्ये पेशींतून ग्लुटाथायोन नावाचा एक लहानसा पदार्थ शोधून काढला. त्यात हाच मोकळा सल्फहायड्रिल गट असतो, आणि नायट्रोप्रुसाइड टाकले की त्याला जांभळट तांबडा रंग येतो. या हॉपकिन्सांच्याच विभागात पुढे कमलाबाई भागवत गेल्या. त्यांचा जन्म १९११ सालचा, आपल्या इंदूरचा. दुर्गाबाई भागवतांच्या त्या धाकट्या भगिनी. दुर्गाबाईही इथल्याच, १९१० च्या. बंगलोरच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला तेव्हा सर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना नकार दिला. कमलाबाई हटल्या नाहीत, सत्याग्रह मांडून बसल्या. अखेर १९३३ मध्ये एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध, डाळी आणि शेंगवर्गी धान्ये यांच्या प्रथिनांवर काम केले, पुढे केंब्रिजला बटाट्यात सायटोक्रोम सी असल्याचे दाखवून दिले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध अवघा चाळीस पानांचा! हल्लीचे चारशे पानी प्रबंध पाहिले की आम्हाला त्या चाळीस पानांची आठवण होते. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरा, वाल, इतर कडधान्ये असे आपल्या गरिबांच्या ताटातले पदार्थ अभ्यासाला घेतले. आपल्या अन्नधान्यांतील ट्रिप्सिनरोधकांवर त्यांचे काम १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. हा 'ट्रिप्सिनरोधक' शब्द लक्षात ठेवा, त्याच्याशी आपल्याला पुढे काम आहे.

आता गंधकाचा स्वभाव. सल्फहायड्रिल गट हा प्रथिनातला सर्वांत चंचल गट. मात्र त्याची चंचलता पाण्याच्या आम्ल-अल्कलीपणावर अवलंबून असते. हायड्रोजन सोडून ऋणभारित झालेला गंधकच झपाट्याने क्रिया करतो, आणि साधारणतः पीएच ८.३ च्या आसपास निम्मे गट असे ऋणभारित असतात. आंबट पाण्यात तो झोपलेला, किंचित अल्कधर्मी पाण्यात जागा. पण शेजार चांगला मिळाला तर आंबट पाण्यातही जागा राहतो. कच्च्या पपईच्या चिकातले पपेन हे त्याचे उदाहरण. मटण शिजवताना कच्च्या पपईचा तुकडा टाकतात तो या पपेनसाठी. त्याच्या माळेत सात सिस्टीन, त्यांपैकी सहांचे तीन सेतू, आणि एकच मोकळा. शेजारच्या हिस्टिडिनमुळे हा एकटा पीएच ४ च्या सुमारासही ऋणभारित राहतो. सगळे काम तोच करतो. त्याला बांधून टाकले की पपेन निकामी.

आणि बांधून टाकणारे पुष्कळ आहेत. पारा हा त्यांतला मोठा. थायॉलांचे जुने नाव मरकॅप्टन, म्हणजे पाऱ्याला पकडणारा. १८३० नंतरच्या काही वर्षांत डेन्मार्कच्या झाइसे याने ते ठेवले. पकडतो कोण आणि पकडला जातो कोण हे मात्र पाहणाऱ्यावर अवलंबून आहे. शरीरात गेलेला पारा प्रथिनांच्या गंधकाला चिकटतो आणि माणूस मरतो. शिसे रक्ताचा तांबडा रंग बनवणाऱ्या एका विकराचे गंधक धरून ठेवते. सोमलातल्या आर्सेनिकची ओढ शेजारी शेजारी असलेल्या दोन गंधकांकडे असते. दुसऱ्या महायुद्धात ऑक्सफर्डच्या पीटर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच ओळखून दोन गंधकांचे एक औषध केले आणि विषाला ते आमिष दाखवले. १९४५ मध्ये ते जाहीर झाले आणि जड धातूंच्या विषबाधेवर वापरात आले. आमच्या मते, एखाद्या गटाचा स्वभाव नीट कळला म्हणजे काय साधते याचा यापेक्षा चांगला दाखला मिळणे कठीण.

साधी हवासुद्धा त्याचा शत्रू. प्राणवायू मोकळ्या गटांचे सेतू करून टाकतो, आणि पाण्यात तांब्याचा अंश असला तर हे काम फारच भराभर होते. म्हणून मोजदाद करणाराने तांब्याची चाळण, पितळेचा डबा या गोष्टी प्रयोगशाळेबाहेर ठेवाव्या. ही सूचना आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे देत आलो, आणि एकदा स्वतःच विसरलो.

मोजतात कसे? पूर्वी नायट्रोप्रुसाइडचा रंग पाहत. त्याने गट आहे एवढे कळे, किती आहेत ते कळत नसे. मग चांदीच्या क्षारांनी मोजू लागले. १९५४ मध्ये बॉयर यांनी पाऱ्याचे एक संयुग घालून प्रकाशाच्या शोषणावरून मोजण्याची रीत दिली. परंतु आज जगभर चालणारी सोपी रीत जॉर्ज एलमन यांची, १९५९ ची. त्यांचे द्रव्य म्हणजे स्वतःच एक गंधकसेतू, ज्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच रंगदायी तुकडा आहे. प्रथिनाचा मोकळा गंधक येतो, सेतूचा एक हात धरतो, आणि दुसरा तुकडा सुटून पाण्यात पडतो. सुटलेला तुकडा पिवळाधमक असतो. एका गटामागे एकच तुकडा. पिवळेपणा मोजला की गट मोजले गेले. यात घोळ घालायला जागा नाही असे वाटते ना? आम्हालाही तसेच वाटले होते.

थोडे गणित सांगतो, मुले बसली आहेत त्यांच्यासाठी. ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश एक सेंटिमीटर रुंद नळीतून जाऊ द्यायचा. शोषणांक ०.२८३ आला, त्याला १४,१५० ने भागले, तर एका लिटरमध्ये २० मायक्रोमोल गट निघतात. नळीत प्रथिनही २० मायक्रोमोल असेल तर दर रेणूमागे एक गट. एलमन यांनी हा आकडा १३,६०० धरला होता. १९७९ नंतर तो सुधारून १४,१५० झाला. म्हणजे जुन्या निबंधांतल्या संख्या सुमारे चार टक्के जास्तच आहेत. जुने आकडे उतरवून घेणाऱ्यांनी हे विसरू नये.

पण प्रथिन म्हणजे काही सरळ दोरी नव्हे. त्याची घडी असते, आणि पुष्कळ गट घडीच्या आत असतात. अंडे न खाणाऱ्यांची क्षमा मागून सांगतो : अंड्याच्या पांढऱ्यातील ओव्हाल्ब्युमिनमध्ये चार मोकळे गट आहेत, पण कच्च्या पांढऱ्यात एलमनचे द्रव्य टाकले तर त्यांतला जवळजवळ एकही उत्तर देत नाही. युरिया भरपूर घालून घडी उलगडली की चारही पुढे येतात. माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये एकूण सहा, त्यांपैकी दोनच दाराशी उभे. म्हणजे 'गट किती' हा एक प्रश्न झाला आणि 'हाकेला किती येतात' हा दुसरा. जनगणना आणि सभेची हजेरी यांत जो फरक, तोच हा. दुधाचे उदाहरण तर घरोघरचे आहे. दुधाच्या निवळीत बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन असते. त्यात मोकळा गट एकच, तोही आत दडलेला. दूध सत्तर अंशांच्या वर तापले की तो बाहेर येतो आणि केसीनशी सेतू बांधतो. उकळलेल्या दुधाचा खास वास गंधकाचाच, आणि नीट तापवलेल्या दुधाचे दही घट्ट लागते ते या सेतूंमुळे. आपल्या आजीला हे माहीत होते. कारण तेवढे माहीत नव्हते.

कधी कधी उत्तर अपूर्णांकातही येते. रक्तातल्या अल्ब्युमिनमध्ये ३५ सिस्टीन आहेत. त्यांतले ३४ मिळून १७ सेतू झालेले, एक मोकळा. म्हणजे उत्तर १ यायला हवे. येते बहुधा ०.६ किंवा ०.७. रेणूला पाऊण गट कसा असेल? असे असते की काही रेणूंचा एकटा गंधक आधीच रक्तातल्या सुट्या सिस्टीनने किंवा ग्लुटाथायोनने धरून ठेवलेला असतो. ही मोजणीतली चूक नसून रक्ताची खरी स्थिती आहे. नवशिका मात्र आधी आपल्या हातावर संशय घेतो, आणि ओढूनताणून १ आणून दाखवतो. असे करू नये.

आता आपले पीठ. १९७० नंतर माळव्यात सोयाबीन किती पसरले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. १९८७ पासून सोयाबीनवरील राष्ट्रीय संशोधन संस्था आपल्या इंदुरातच, खंडवा रस्त्यावर आहे. प्रथिन स्वस्त आणि विपुल, म्हणून महिला शाखेने नऊ भाग गव्हात एक भाग सोयाबीन मिसळून चक्कीवरून दळून आणले आणि पाकिटे वाटली. हेतू उत्तम होता. परंतु दाणे कच्चेच दळले गेले. काही आयांनी तक्रार केली की पोरांची पोटे फुगतात, वजन तर वाढत नाही. काकूंनी पिठाची दोन पाकिटे आमच्या हाती दिली, एक कच्च्या दाण्यांचे, एक भाजून दळलेले, आणि विचारले, "यांतले कोणते बरे, ते यंत्रावर पाहून सांगा."

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनरोधक असतात. आपल्या आतड्यात प्रथिन पचवणारे जे ट्रिप्सिन, त्यालाच ते धरून ठेवतात. खाल्लेले प्रथिन धड पचत नाही. आम्ही विचार केला की हे रोधक गंधकवाले आहेत, आणि आपल्याकडे एलमनच्या द्रव्याची बाटली आहे, तर गंधक मोजू. दोन्ही पिठांचा अर्क काढला. दिवस मे महिन्याचे, चाळायला घेतली ती घरची तांब्याची चाळण, आणि अर्क रात्रभर टेबलावर राहिला. सकाळी मोजले तर दोन्ही पिठे जवळपास सारखी! आम्ही काकूंना निरोप पाठवला, "फारसा फरक नाही, कोणतेही चालेल."

तो निरोप पूर्णपणे चुकीचा होता. चुका एकापेक्षा जास्त होत्या, पण सर्व सारख्या योग्यतेच्या नव्हत्या. अर्क गढूळ होता आणि मुळातच पिवळसर. द्रव्य न घातलेली कोरी नळी शेजारी ठेवून तिचा आकडा वजा करायला हवा होता, तो केला नाही. रात्रीत हवेने आणि तांब्याने निम्मे-अधिक गट खाल्ले असावेत. या हाताच्या चुका झाल्या, त्या सुधारता येतात. खरी चूक डोक्याची होती. सोयाबीनमधला मोठा रोधक, जो कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात मिळवला, त्यात चार सिस्टीन आहेत आणि चारही मिळून दोन सेतू झालेले आहेत. मोकळा गट एकही नाही. दुसरा लहान रोधक बोमन आणि बर्क या दोघांच्या नावाचा. त्याच्या एवढ्याशा देहात सात सेतू. मोकळा गट तिथेही नाही. एलमनचे द्रव्य मोकळ्या गटांनाच हाक मारते. मग या दोघांविषयी ते काय सांगणार? आम्ही ज्याला शोधत होतो तो त्या मोजणीत दिसणेच शक्य नव्हते. नळी पिवळी झाली ती इतर प्रथिनांनी. उत्तर आले म्हणजे ते आपल्याच प्रश्नाचे आले असे आम्ही धरून चाललो.

आठ दिवस तो निरोप तसाच राहिला आणि मुले तेच पीठ खात राहिली. हे सांगताना आम्हाला बरे वाटत नाही.

मग रीत बदलली. सेतू मोजायचे तर आधी ते तोडावे लागतात, तोडणारे द्रव्य काढून टाकावे लागते, आणि मग मोकळे झालेले गट मोजावे लागतात. हे सर्व आम्ही केले. पण त्यातूनही रोधक जिवंत आहे की मेलेला हे कळत नाही, कारण शिजलेल्या रोधकातही सेतू बहुतेक शाबूत असतात. किंबहुना खोड तीच आहे. कुनिट्झ यांनी १९४८ मध्ये दाखवले की त्यांचा रोधक तापवला तर घडी उलगडते, आणि थंड केला की पुन्हा पूर्वीसारखी बसते. सेतू शाबूत असल्यामुळे त्याला आपली जागा सापडते. म्हणून दोन मिनिटांची ऊब त्याला पुरत नाही. पुरेसे पाणी आणि पुरेसा वेळ, दोन्ही लागतात. कोरडे भाजणे हे ओल्या शिजवण्याइतके विश्वासाचे नाही, कारण वरून दाणा खरपूस होतो आणि आत रोधक शाबूत राहतो. उलट फार भाजावे तर लायसिन आणि सिस्टीन ही कामाची अ‍ॅमिनो आम्लेच नासतात. सल्फाइट किंवा सिस्टीन घालून तापवले तर सेतू उघडतात आणि कमी उष्णतेत काम भागते, पण तो कारखान्याचा मार्ग झाला, स्वयंपाकघराचा नव्हे.

शेवटी आम्ही सरळ ट्रिप्सिनलाच विचारले. घरात पडलेली जुनी एक्स-रे फिल्म घेतली. तिच्यावरचा काळा थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो आणि जिलेटिन हे प्रथिन आहे. ट्रिप्सिनचा थेंब टाकून अंगाच्या उबेइतक्या उष्णतेत अर्धा तास ठेवला की थर विरघळून काच दिसावी तशी स्वच्छ खिडकी पडते. ट्रिप्सिनमध्ये कच्च्या पिठाचा अर्क मिसळला, खिडकी पडली नाही. भाजलेल्या पिठाच्या अर्काने अर्धवट, धुरकट पडली. रात्रभर भिजवून, वीस-तीस मिनिटे खळखळून उकळून, वाळवून दळलेल्या दाण्यांच्या अर्काने खिडकी जवळजवळ साध्या ट्रिप्सिनइतकीच लख्ख पडली. हजारोंच्या यंत्राने जे सांगितले नाही ते टाकाऊ फिल्मने सांगितले.

पोट फुगण्याचा सगळा दोष मात्र रोधकाच्या माथी मारू नये. सोयाबीनमध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात, त्या आपल्याला पचत नाहीत आणि वायू करतात. उष्णतेने त्या जात नाहीत. भिजवलेले पाणी टाकून दिले तर थोड्या कमी होतात, एवढेच. पोटाची तक्रार पूर्ण थांबली नाही, आणि थांबेल असे आम्ही वचनही दिलेले नाही.

आता महिला शाखेत दाणे संध्याकाळी भिजत घालतात, सकाळी पाणी ओतून देऊन नव्या पाण्यात उकळतात, गच्चीवर वाळवतात आणि मग चक्कीवर पाठवतात. पावसाळ्यात वाळवण्याची अडचण येते. तेव्हा पीठ न वाटता उकडलेले दाणेच उसळीला द्यावेत असे ठरले आहे. दर नव्या घाण्याचा चमचाभर नमुना आमच्याकडे येतो आणि फिल्मचा तुकडा परत जातो. ज्यात कुनिट्झचा रोधकच नाही असा सोयाबीनचा वाण, एन.आर.सी. १२७, इथल्याच संशोधन संस्थेने काढलेला आहे. त्याचे बी परिसरातल्या शेतकऱ्यांकडून मिळेल का याची चौकशी विश्वस्तांनी करावी अशी आमची विनंती आहे. तरी उकळणे सोडू नये, कारण सात सेतूंचा धाकटा भाऊ त्या वाणाच्या नावाने जातो असे नाही.

भाषण संपल्यावर टेबलाजवळ यावे. तिथे तीन नळ्या मांडल्या आहेत. पहिलीत नुसते एलमनचे द्रव्य, दुसरीत त्यात कच्च्या अंड्याचा पांढरा, तिसरीत तोच पांढरा युरियासह. पहिल्या दोन्ही फिकट दिसतील, तिसरी पिवळी होत गेलेली आपल्या डोळ्यांदेखत दिसेल. फिल्मचे तीन तुकडेही शेजारी ठेवले आहेत. मुलांनी हात लावला तरी चालेल, नळ्या मात्र तोंडाला लावू नयेत.